१२०० कॅलरीवर चक्कर येतेय, रोजचा आकडा नेमका ठरवायचा कसा?

विजापूररोड_वहिनी | २० जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. वय ३८, उंची १५६ सेंमी. धाकट्याच्या वेळी वाढलेलं वजन उतरलंच नाही, दिवाळीला ७९ होतं. तेव्हा मनावर घेतलं, मोबाईलवर अ‍ॅप टाकलं, त्यात महिन्याला ४ किलो कमी करायचंय असं भरलं तर त्याने दिवसाला १२०० कॅलरी दिल्या. जिम लावली तिथल्या सरांनी आणखी वेगळा कागद दिला, सकाळी लिंबूपाणी, दुपारी एक फुलका आणि काकडी, रात्री सूप, तो मी मोजून बघितला तर ८०० च्या आसपास येतो. पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं म्हणून लै खूश होते. आता ७४ वर येऊन तीन आठवडे झाले, काटा जागचा हललेला नाही. केस विंचरताना हातात गुंताच येतो. आणि परवा गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलो होतो, होम मैदानावर पाळण्याच्या तिकिटाच्या रांगेत उभी होते, डोळ्यापुढं एकदम अंधारी आली, मुलीनं दंड धरला म्हणून पडले नाही. ती घाबरून रडायला लागली तेव्हा वाटलं, हे आपलं काहीतरी चुकतंय.

सासूबाई म्हणतात भाकरी खा, भाकरीनं कोणी जाड होत नाही. अ‍ॅपमध्ये एका ठिकाणी भाकरी ९० कॅलरी, दुसऱ्या ठिकाणी २२०. कोणाचं खरं मानायचं? आणि मी आणखी कमी खायला पाहिजे की जास्त?

नवी_पेठ_६४ | २० जानेवारी, रात्री ११:०५

ताई आधी तो जिमचा कागद फाडा. चक्कर आलीय म्हणजे शरीर सांगायलंय ना. बाकीचं लोक सांगतीलच, पण आज रात्री जेवून झोपा.

गृहविज्ञानवाल्या_मॅडम | २१ जानेवारी, सकाळी ७:१५

वहिनी, मी तीस वर्षं हाच विषय शिकवला, आता निवृत्त आहे. १२०० हा आकडा तुमचा नाहीच, तो उसना आहे. बायकांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये असं साधारण सांगतात, म्हणजे ती शेवटची पायरी झाली, त्याखाली विहीर आहे. लोकांनी त्या पायरीलाच लक्ष्य करून टाकलं. तुम्ही तर त्याच्याही खाली गेलात.

आकडा स्वतःचा काढायचा असतो. नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, लिव्हर, श्वास यांना जी ऊर्जा लागते तिला बीएमआर म्हणतात. तो काढायला मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं सूत्र आहे, १९९० सालचं. वजन किलोमध्ये गुणिले १०, त्यात उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ६.२५ मिळवायची, त्यातून वय गुणिले ५ वजा करायचं, मग बाई असेल तर आणखी १६१ वजा, पुरुष असेल तर ५ अधिक. तुमचं करून दाखवते: ७४० अधिक ९७५ म्हणजे १७१५, त्यातून १९० गेले १५२५, त्यातून १६१ गेले, उरले १३६४. म्हणजे वहिनी, दिवसभर अंथरुणात पडून राहिलात तरी तुमच्या शरीराला साधारण १३६४ लागतात आणि तुम्ही ८०० वर स्वयंपाक, धुणं, मुलांचा अभ्यास आणि वर जिम करत होतात.

आता याला दिवसभराच्या हालचालीने गुणायचं. बैठं काम असेल तर १.२, थोडंफार चालणं-फिरणं असेल तर १.३७५, बऱ्यापैकी व्यायाम असेल तर १.५५. तुम्ही १.३७५ धरा, येतात १८७५. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहील. त्यातून ४०० ते ५०० कमी केले की झालं तुमचं लक्ष्य, १३७५ ते १४७५. मी म्हणेन सुरुवात १४७५ नेच करा, तुम्ही आधीच रिकाम्या झालेल्या आहात.

एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी असतात. रोज ४०० कमी म्हणजे आठवड्याला २८००, म्हणजे साधारण साडेतीनशे ग्रॅम. महिन्याला दीड किलो. ऐकायला कमी वाटतं, पण हे उतरतं ते टिकतं.

आणि पहिल्या आठवड्यातले ते अडीच किलो, ती चरबी नव्हती हो. लिव्हर आणि स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की आधी तो साठा आणि ते पाणी जातं.

विजापूररोड_वहिनी | २१ जानेवारी, दुपारी २:३०

मॅडम, वाचून डोळ्यात पाणी आलं. अंथरुणात पडून १३६४ हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आज दुपारी भाकरी, वरण, मेथीची भाजी आणि ताक, पोटभर जेवले. एक विचारू का, मी संध्याकाळी कंबर तलावावर ४० मिनिटं चालते, घड्याळात ३१० कॅलरी जळाल्या म्हणून दाखवतं. त्या मी वर खायच्या का?

गृहविज्ञानवाल्या_मॅडम | २१ जानेवारी, दुपारी ४:००

नाही. १.३७५ धरलं त्यात ते चालणं आलंच, परत मोजलं तर दोनदा मोजल्यासारखं होईल. आणि घड्याळं सढळ हाताने दाखवतात. तुमच्या वजनाला ४० मिनिटांचे मी दीडशेच धरीन. चालणं मात्र सोडू नका.

मालदांडी | २१ जानेवारी, रात्री ९:२०

भाकरीचं मी सांगतो. आम्ही मंगळवेढ्याचे, घरची ज्वारी, दीड वर्षापूर्वी वजन कमी करायला घेतलं तेव्हा याच भाकरीनं मला लै फसवलं.

भाकरी मोजायचीच नाही, पीठ मोजायचं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३४० च्या आसपास कॅलरी धरा. मी घरी एक दिवस बसून करून बघितलं, ८० ग्रॅम पीठ काट्यावर घेतलं, बायकोनं भाकरी थापली, तव्यावरून निघाली तेव्हा वजन १२८ ग्रॅम, कारण पाणी. तीच भाकरी वाळवून कडक केली, दुसऱ्या दिवशी वजन ७८. पीठ तेच, कॅलरी त्याच, २७० च्या आसपास. पण अ‍ॅपमध्ये १०० ग्रॅम भाकरी टाकली तर ताज्या भाकरीला एक उत्तर बरोबर येतं आणि कडक भाकरीला पार चुकतं. आपल्याकडं कडक भाकरी पापडासारखी हलकी लागते, माणूस टीव्ही बघत दोन मोडून खातो आणि वाटतं काहीच खाल्लं नाही. दोन म्हणजे ५४० झाले. वर शेंगाची चटणी, तिच्यावर दही नाहीतर कच्चं तेल.

चटणीचंही ऐका. शेंगदाण्याला १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत. आपण ताटात जो चमचा मारतो तो घरचा मोठा चमचा, १५ ग्रॅम तरी येतोच, म्हणजे ८० कॅलरी. मी चटणी सोडली नाही, सोडणारही नाही, सोलापुरात राहून ते होणार पण नाही. फक्त आता भाकरीच्या बाजूला एकदाच घेतो, बरणी ताटाजवळ ठेवत नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भाकरीनं पोट भरतं, तेलाशिवाय होते. पण किती पिठाची हे सांगितल्याशिवाय भाकरी ९० ची पण आणि २२० ची पण, अ‍ॅपमधली दोन्ही उत्तरं कोणाच्या ना कोणाच्या घरची खरी आहेत.

साखरपेठ_सूनबाई | २१ जानेवारी, रात्री ११:१०

पिठाइतकंच तेल महत्त्वाचं आहे आणि ते कोणी मोजत नाही, कारण फोडणी घालताना काटा घेऊन कोण बसणार. मी सोपं केलं. महिन्याला डबा किती संपतो ते बघितलं. आमच्यात चार माणसं, ५ लिटर. ५ लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर तेल, एका ग्रॅमला ९ कॅलरी. भागिले ३० दिवस, भागिले ४ माणसं, आलं माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी! नुसत्या तेलाच्या, आणि मी अ‍ॅपमध्ये 'भाजी १ वाटी ७० कॅलरी' असं भरत होते.

मग हळूहळू ३ लिटरवर आणलं. एकदम नाही, एकदम केलं असतं तर घरात भांडण झालं असतं. पहिल्या महिन्यात साडेचार, मग चार. पळीने ओतायचं बंद, चहाचा चमचा डब्यातच ठेवला, एक चमचा म्हणजे ४० कॅलरी हे डोक्यात बसलं. आता माणशी २३ ग्रॅम, सव्वाशे-दीडशे कॅलरी रोजच्या कमी झाल्या आणि कोणाच्या ताटातलं काही कमी झालं नाही. वहिनी, तुम्हाला ४०० कमी करायच्यात ना, त्यातल्या सव्वाशे इथंच मिळतील.

रातपाळी_टॉवेल | २२ जानेवारी, पहाटे ४:१०, आत्ता घरी आलो

मी बी सांगतो माझं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, १२ तास उभं काम, मागांच्या मधून सारखं फिरणं. वय ४५, वजन ९२, उंची १७२. शुगर आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. मेव्हण्यानं सांगितलं १५०० वर ये म्हणून मी दोन आठवडे करायलोय, रात्रीचा डबा बंद केला, नुसता चहा बिनसाखरेचा. परवा रात्री तीनच्या सुमाराला हात थरथरायला लागले, दरदरून घाम, मागाचा धागा तुटला तो जोडता येईना, दिसतच नव्हतं नीट. शेजारच्या मागावरच्या काकांनी त्यांच्या डब्यातला गूळ तोंडात कोंबला, दहा-पंधरा मिनिटांनी बरं वाटलं. हे डाएटमुळं का?

होटगीरोड_डॉक्टर | २२ जानेवारी, सकाळी ८:३०

दादा, धागा उघडल्या उघडल्या तुम्हालाच उत्तर देतोय. ही लक्षणं शुगर खाली गेल्याची आहेत आणि ती चालत्या मागाजवळ झाली म्हणजे फार थोडक्यात वाचलात. ग्लिमेपिराइड ही गोळी तुम्ही जेवला असा नसा, शुगर खाली ओढत राहते. इन्सुलिनचंही तसंच. मेटफॉर्मिन एकटं असेल तर ती भीती फार कमी असते. या गोळ्या चालू असताना जेवण कमी करायचं तर गोळीचं प्रमाण आणि वेळ डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावी लागते. आज झोपून उठलात की तुमच्या डॉक्टरांकडे जा, रातपाळी आहे हे आवर्जून सांगा. आणि स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नका. आज रात्री डबा न्या.

परत असं झालं तर, काकांनी केलं ते अगदी बरोबर केलं. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटं थांबून मशीनवर बघायचं, ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच, आणि मग थोडं जेवण. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

आकड्याचं सांगायचं तर तुमचा बीएमआर १७७५ येतो आणि काम बसून नाही, १.५५ ने गुणलं तर २७५० होतात. १५०० म्हणजे रोजची साडेबाराशेची तूट. मेव्हण्यांचा आकडा मेव्हण्यांना ठीक असेल, ते दुकानात बसत असतील. तुमच्यासाठी शुगर स्थिर झाल्यावर २२०० च्या आसपासपासून सुरू करायला हरकत नाही, पण ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून.

वहिनी, तुम्हालाही सांगतो. चक्कर आणि केस म्हटल्यावर हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ एकदा तपासा, सगळं खापर डाएटवर फोडू नका. खाणं एकदम तोडलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात हे नेहमी दिसतं, तुमचं वेळापत्रक त्यात बसतंय, आणि ते बहुधा परत येतात. पण थायरॉइड आणि रक्त बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. फार झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होतात, हे लोकांना माहितीच नसतं, पोटात उजव्या बाजूला वर दुखायला लागलं की मग येतात.

अशोकचौक_आई | २३ जानेवारी, दुपारी १:००

माझं बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. माझं वजन ७१. मी पण १४७५ करू का?

गृहविज्ञानवाल्या_मॅडम | २३ जानेवारी, दुपारी १:४५

नको गं बाळा. आयसीएमआर म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या हिशोबात पहिले सहा महिने दूध पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात, पुढचे सहा महिने ५२०. आत्ता फक्त बिस्किटं, फरसाण आणि चहाची साखर बघ. डिंकाचा लाडू रोज एक पुरे, आईने चार पाठवले म्हणून चार नको. वजन कमी करायचं ते नंतर, तुझ्या डॉक्टरांना विचारून.

जुनी_सभासद_११ | २४ जानेवारी, रात्री १२:२०

मला एक वेगळं सांगायचंय आणि ते लिहायला धीर गोळा करावा लागला. मी दोन वर्षं सगळं मोजलं. कोथिंबीर पण. लग्नात गेले तर पंगतीत बसून मनात बेरीज. आईनं संक्रांतीला शेंगाची पोळी केली, तिच्यासमोर अर्धी खाल्ली आणि घरी येऊन दोन दिवस जेवले नाही. पाळी चार महिने बंद झाली तेव्हा बहिणीनं हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं, नंतर समुपदेशनालाही गेले. आता मी आकडे बघत नाही, ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ-अंडं, पाव भाग भाकरी-भात, एवढंच बघते. वजन हळू उतरलं आणि पाळी सुरळीत आहे.

आकडा मदतीला आहे तोपर्यंत वापरा. जेवणाआधी भीती वाटायला लागली, लपून खावंसं किंवा लपून टाळावंसं वाटलं, तर मोजणं थांबवा आणि कोणालातरी सांगा. आणि घरातल्या वयात येणाऱ्या मुलींसमोर कॅलरी कॅलरी करू नका, त्या सगळं ऐकत असतात.

विजापूररोड_वहिनी | २४ जानेवारी, सकाळी ९:००

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. माझी मुलगी १२ वर्षांची आहे. काल ती म्हणाली मला अर्धीच भाकरी वाढ. मी आता हिशोब वहीत लिहिणार, तिच्यासमोर बोलणार नाही.

पुण्यात_पण_सोलापूरचा | २६ जानेवारी, सकाळी १०:३०

वजन कसं बघायचं त्यावर दोन शब्द. रोजचा काटा बघून निर्णय घेऊ नका. मीठ जास्त झालं, पोट साफ नाही, पाळी जवळ आली, रात्री उशिरा जेवण झालं, एवढ्यावर किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. मी रोज सकाळी उठल्यावर संडासला जाऊन आल्यावर वजन करतो, सात दिवसांची सरासरी काढतो आणि फक्त सरासऱ्यांची तुलना करतो. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही तर आकडा १०० ने बदलायचा. सूत्र अमेरिकेतल्या लोकांवर मोजून बसवलेलं आहे, त्यामुळं ते सुरुवातीचा अंदाज आहे, खरं उत्तर तुमचीच सरासरी देणार.

आणि हुरड्याला गेलात तर जा. शेतात बसून गूळ, चटणी, दही सगळं खा. आठवड्याचा हिशोब एका हुरड्यानं बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी उपाशी राहिल्यानं बिघडतो.

विजापूररोड_वहिनी | १६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

थोडं कळवते. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, थायरॉइड नॉर्मल. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. १४७५ वर आल्यावर पहिल्या दहा दिवसात वजन एक किलोने वाढलं, ७५. मी हादरले होते पण मॅडमचं पाण्याचं वाचलेलं आठवलं म्हणून धरून राहिले. आता चक्कर नाही. प्रश्न असा की चार वाजता फार भूक लागते.

गृहविज्ञानवाल्या_मॅडम | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:००

सकाळी काय खाता? पोहे आणि चहा असेल तर चारला भूक लागणारच. प्रथिनं बघा. दिवसाला ६० ग्रॅम तरी व्हायला हवीत, वजन कमी करताना स्नायू टिकवायचे असतील तर. एका अंड्यात ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत सातेक, पेलाभर दुधात तेवढीच. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत पण मूठभराला १७० कॅलरी जातात, त्यामुळं सगळं त्यांच्यावर टाकू नका. सकाळी दोन अंडी नाहीतर मुगाचं धिरडं खाऊन बघा आणि चारला ताक-फुटाणे.

होटगीरोड_डॉक्टर | १७ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हे प्रथिनांचं वाढवणं विचारल्याशिवाय करू नका.

रातपाळी_टॉवेल | ३ मार्च, सकाळी ९:१५

डॉक्टरसाहेब, गोळी बदलून दिली आमच्या डॉक्टरांनी. रात्री डबा नेतो, दोन भाकरी आणि उसळ, एक ११ ला एक ३ ला. परत तसं झालं नाही. वजन ९०. ग्लुकोजची पुडी खिशात आहे, काकांना बी एक देऊन ठेवलीय.

विजापूररोड_वहिनी | १० मे, रात्री १०:१५

आजची सरासरी ७०.५. हिमोग्लोबिन ११.६. भांगात बारीक बारीक नवीन केस उभे राहिलेत, आरशात दिसतात. सूत्र परत मांडलं, बीएमआर १३२९ झाला, हालचाल धरून १८२७, म्हणजे आधीपेक्षा फक्त ४८ ने कमी, मॅडम म्हणाल्या इतक्याला काही बदलायला नको. ऊन ४३ ला गेलंय, चालणं पहाटे साडेपाचला नेलंय. आणि घरात एक बदल झाला, पीठ आता सासूबाईच मोजतात. त्यांना काटा आवडत नव्हता, म्हणून मी एकदा ७० ग्रॅम पीठ वाटीत घालून तेवढ्यावर नेलपॉलिशने खूण केली. त्या वाटीनं प्रत्येकाचं पीठ वेगळं घेतात, मुलीची भाकरी पूर्ण वाटीची.

साखरपेठ_सूनबाई | ११ मे, सकाळी ११:४०

वहिनी मस्तच! मी पण वाटी करते. पण नेलपॉलिश घासताना निघत नाही का ओ?

विजापूररोड_वहिनी | ११ मे, दुपारी १२:०५

निघाली ना, आठवड्यातच. मग सासूबाईंनी खिळा घेऊन आतून ओरखडा मारला. स्टीलची घ्या.